वेळूच्या मुळातील सिंह आणि वेणकुळातील माणूस

बौद्ध कलेचा इतिहास आपण बहुधा पाषाणाच्या आधारे वाचत आलो आहोत. सांची, भारहुत, कार्ले, पितळखोरे, अजिंठा ही नावे उच्चारताच डोळ्यांपुढे उभी राहते ती छिन्नीने घडविलेली शिळा. शिळा टिकली म्हणून तिचा इतिहास लिहिला गेला. लाकूड, माती, वेत, वेळू यांत काम करणाऱ्या हातांची निर्मिती वाळवीने, पावसाने आणि काळाने नेली. तिच्याबरोबर त्या हातांची स्मृतीही गेली. म्हणून ज्या देशात वेळूत कोरलेल्या वस्तू तीनशे-चारशे वर्षे जपल्या गेल्या, त्या देशाकडे या दृष्टीने पाहणे आम्हांस उद्बोधक वाटते.

तो देश चीन. तेथे बांबूच्या मुळातून सिंह, ड्रॅगन, छीलिन, तीन पायांचा बेडूक अशा कल्पित प्राण्यांच्या लहान मूर्ती कोरण्याची परंपरा आहे. या मूर्तींचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही दोन प्रश्नांच्या अंगाने करणार आहोत. या प्राण्यांपैकी कोणते प्राणी धम्माबरोबर भारतातून तिकडे गेले, हा पहिला प्रश्न. ज्या वेळूला चीनने एवढा मान दिला, त्याच वेळूवर पोट भरणारा माणूस आपल्या देशात हीन का ठरला आणि तथागतांनी त्याविषयी काय सांगितले, हा दुसरा. पहिला प्रश्न कलेच्या अभ्यासकाचा आहे. दुसरा आपणा सर्वांचा आहे. कारण मेळघाटाच्या पायथ्याशी, अमरावती आणि अकोल्याच्या बाजारांत, तो माणूस आजही सुपे आणि टोपल्या मांडून बसलेला आहे.

मुळाची कोरणी

चिनी वेळूकामाचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बांबूच्या पेराच्या पृष्ठभागावर चित्रे किंवा अक्षरे कोरतात. लेखणीचे कुंचले ठेवण्याचे नळकांडे, लिहिताना मनगटाला आधार देणारी पट्टी, धूपकांड्यांचे नळकांडे अशा वस्तू या प्रकारातल्या. दुसऱ्या प्रकारात बांबूचा जमिनीखालचा बुडखा खणून काढतात आणि त्यातून सर्व बाजूंनी पाहता येईल अशी मूर्ती घडवितात. आपला विषय हा दुसरा प्रकार आहे.

बांबू वरती पोकळ असतो. बुडाशी मात्र त्याची भिंत जाड होत जाते आणि मधली पोकळी जवळजवळ मिटते. तेथे पेरे दाटीवाटीने येतात आणि प्रत्येक पेराभोवती मुळ्या फुटलेल्या जागी बारीक ठिपक्यांच्या ओळी उमटलेल्या असतात. हे ठिपके पुसून टाकायचे नाहीत, तर मूर्तीच्या अंगी लावायचे, यात कारागिराचे कसब असते. बेडकाच्या पाठीवरचे फोड, ड्रॅगनच्या अंगावरचे खवले, सिंहाची आयाळ ही निम्मी निसर्गाने आणि निम्मी पटाशीने घडते. कच्च्या बुडख्याला कीड लवकर लागते. म्हणून तो उकळून, सावलीत दीर्घकाळ वाळवून मगच हाती घेतात. नवे काम फिकट पिवळे असते. पिढ्यान्‌पिढ्या हाताळले गेल्यावर ते मधाच्या रंगाचे आणि पुढे तांबूस काळसर होते. यांतील पुष्कळ मूर्ती तळहातात मावतील एवढ्याच असतात आणि त्यांची जागा अभ्यासकाच्या लेखनाच्या मेजावर असे.

ही कला भरास आली ती मिंग राजवटीच्या उत्तरार्धात आणि छिंग राजवटीत, म्हणजे सोळाव्या ते अठराव्या शतकांत. तिचे प्रमुख केंद्र होते च्यातिंग हे गाव. आज ते शांघाय महानगराचा एक भाग आहे.

सिंह, नाग आणि मकर

चीनच्या भूमीत सिंह नव्हता. हान राजवटीच्या काळी पश्चिमेकडील राजांनी भेट म्हणून पाठविलेले काही जिवंत सिंह दरबारात पोचले, एवढाच त्यांचा परिचय. सामान्य जनांच्या मनात सिंह रुजला तो धम्माच्या वाटेने. तथागतांच्या निर्भय वाणीला पाली साहित्यात सीहनाद म्हटले आहे. मज्झिम निकायात चूळसीहनाद आणि महासीहनाद ही दोन सुत्ते आहेत; दीघ निकायात चक्कवत्ति-सीहनाद सुत्त आहे. सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभशीर्षावरचे चार सिंह याच कल्पनेचे पाषाणरूप होत. पुढे महायान परंपरेत मंजुश्री बोधिसत्त्वाचे वाहन म्हणून सिंह चीनमध्ये घरोघरी पोचला.

ज्याने सिंह कधी पाहिला नाही, त्याने सिंह कोरावयाचा कसा? त्याने वर्णनावरून कोरला. म्हणून चिनी सिंहाचे केस कुरळ्या गाठींचे, डोळे वाटोळे, चेहरा काहीसा कुत्र्यासारखा आणि पंजाखाली चेंडू असतो. वेळूच्या बुडख्यातून असा सिंह सहज निघतो. गाठींची आयाळ त्या मुळातच दडलेली असते. भारतात जो जिवंत श्वापद होता, तो तिकडे जाऊन कल्पित प्राणी झाला.

नागाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पालीत नाग हा एकच शब्द अनेक अर्थ वाहतो. नाग म्हणजे सर्प, नाग म्हणजे हत्ती, आणि नाग म्हणजे अर्हताला दिलेले विशेषणही. अंगुत्तर निकायात उदायी थेर प्रत्यक्ष तथागतांना नाग म्हणून गौरवितात. चिनी अनुवादकांपुढे जेव्हा हा शब्द आला, तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या जलाधिपती प्राण्याचे, म्हणजे लुंगचे, नाव त्यासाठी योजले. हाच तो ड्रॅगन. शब्दाचे अनेक अर्थ एका प्राण्यात बंद झाले.

विनयपिटकाच्या महावग्गात उरुवेलच्या अग्निशाळेतील नागाला तथागतांनी शांत केल्याची कथा आहे. त्याच पिटकात सागत थेराने एका नागाला वश केल्याचे सांगितले आहे. चिनी कलेत ड्रॅगनला वश करणारा आणि वाघाला माणसाळविणारा असे दोन अर्हत विशेष लोकप्रिय आहेत. सोळा अर्हतांची माहिती देणारा ग्रंथ ह्यू-एन-त्संगने इ. स. ६५४ मध्ये चिनी भाषेत आणला; हे दोघे धरून अठरा अर्हतांची मालिका त्यानंतर रूढ झाली. भिक्षापात्रातून डोके वर काढणारा इवलासा ड्रॅगन आणि त्याच्याकडे शांतपणे पाहणारा अर्हत, हे दृश्य पाहणाऱ्या पालीच्या अभ्यासकाला उरुवेल आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही नागाचे तेज संपल्यावर तथागतांनी त्याला पात्रात ठेवून कस्सपाला दाखविले होते.

मकर हा तिसरा प्रवासी. मगर, मासा आणि हत्ती यांच्या अवयवांतून सिद्ध झालेला हा जलचर आपल्याकडे तोरणांवर आणि द्वारशाखांवर कोरला गेला. चीनमध्ये त्याचे नाव थोड्या फरकाने तसेच राहिले आणि तो मत्स्य-ड्रॅगनाच्या रूपात स्थिरावला.

परंतु सर्व काही भारतातूनच गेले असे म्हणणे हा इतिहास नव्हे. छीलिन हा शुभसूचक प्राणी चीनचा स्वतःचा आहे आणि बुद्धपूर्व काळापासून त्याचे नाव तेथे माहीत आहे. तीन पायांचा बेडूक ताओ परंपरेतील लिऊ हाय या सिद्धाशी निगडित आहे. एकाच मेजावर हे सारे शेजारी-शेजारी बसत. धम्म जेथे गेला, तेथे त्याने स्थानिक कल्पनांना हाकलून दिले नाही.

वत्सगुल्मचा नागराज

नाग या शब्दाचे चीनमध्ये जे झाले, त्याची तुलना आपल्या परिसरातील एका शिल्पाशी करून पाहावी. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात संघाला दान दिले. तसा शिलालेखच तेथे आहे. हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. १९९८ साली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते. म्हणजे अजिंठ्याच्या उत्तरकालीन वैभवाची एक मुळी वऱ्हाडच्या मातीत आहे.

या लेण्याच्या पायथ्याच्या द्वाराशी दोन हत्ती आहेत आणि पायऱ्या चढून जाताना नागराजाची मूर्ती लागते. सातव्या शतकात ह्यू-एन-त्संग महाराष्ट्रात आला. त्याने ज्या संघारामाच्या दारातील दगडी हत्तींचे वर्णन केले, तो अजिंठाच असावा असे विद्वान मानतात. एकोणिसाव्या लेण्याबाहेरील नागराज-नागराणीचे शिल्प तर सुप्रसिद्धच आहे. या शिल्पांतील नागराज पूर्णतः मनुष्य आहे. त्याचे आसन, त्याचा संयत चेहरा, शेजारी बसलेली राणी, सर्व काही मानवी आहे. मस्तकामागे पसरलेला फणा तेवढा त्याची ओळख सांगतो. पहिल्या लेण्यात रंगविलेल्या चम्पेय्य आणि सङ्खपाल या जातककथांतही नागराजा शील पाळतो, यातना सोसतो आणि सूड घेत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात नागलोकांचे स्मरण केले ते याच अर्थाने. नाग हे सर्प नव्हेत. ते या भूमीतील लोक होते आणि धम्माच्या प्रसाराचे कार्य त्यांनी केले, अशी त्यांची मांडणी होती. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथातही त्यांनी नागांचा विचार एक मानवसमूह म्हणून केला आहे. पाली कथांत नाग अनेकदा सर्परूपातच येतो, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि एका समूहाचे नाव जेव्हा दुसऱ्यांच्या कथांत शिरते, तेव्हा त्याला शेपूट आणि फणा कसा फुटतो, याचे उदाहरण म्हणून बाबासाहेबांची ही दृष्टी मोलाची आहे. अजिंठ्याच्या शिल्पकाराने नागाचा मनुष्यदेह तरी राखला. अनुवादाच्या आणि प्रवासाच्या ओघात तोही गेला आणि वेळूच्या मुळात शेवटी खवलेदार ड्रॅगन उरला.

वेळूची माणसे

प्राण्यांकडून आता ते कोरणाऱ्या माणसांकडे वळू. च्यातिंगच्या परंपरेचा आरंभ सोळाव्या शतकातील चू सुंगलिन याच्यापासून मानतात. त्याचा पुत्र चू श्याओसुंग आणि नातू चू सानसुंग हेही तितकेच नामांकित झाले. तीन पिढ्यांच्या या नावांत सुंग म्हणजे पाइन वृक्ष आहे. मुलगा लहान पाइन, तर नातू तिसरा पाइन. १९६६ साली शांघायजवळच्या पाओशान येथे मिंग काळातील एका थडग्यात चू श्याओसुंगच्या सहीचे धूपाचे नळकांडे सापडले. मृताबरोबर ठेवावी एवढी ती वस्तू मोलाची होती आणि करणाऱ्याचे नाव तिच्यावर होते, हे दोन्ही मुद्दे लक्षात घ्यावेत. पुढे अठराव्या शतकाच्या प्रारंभी मुळातून अर्हतांच्या मूर्ती घडविण्यात निष्णात असलेल्या फंग शीलू याला सम्राट खांगशीच्या राजवाड्यात पाचारण करण्यात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिन युआन-यू या लेखकाने च्यातिंगच्या कारागिरांची चरित्रे एका ग्रंथात संकलित केली. त्या ग्रंथाचे नाव 'चू-रन लू', म्हणजे 'वेळूच्या माणसांची नोंद'. वेळू कोरणाऱ्यांची माहिती नावानिशी लिहून ठेवावी, असे एका सुशिक्षित माणसाला वाटले. २००६ साली चीनच्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत च्यातिंगच्या वेळूकामाचा समावेश झाला, त्यामागे या नोंदीची परंपरा आहे.

याचा अर्थ चीनमध्ये समता नांदत होती असा कोणी करू नये. ज्यांची नावे राहिली, ते बहुधा चित्रकला आणि सुलेखन जाणणारे, विद्वानांच्या वर्तुळात वावरणारे लोक होते. खेड्यात टोपल्या विणणारा चिनी मजूर निनावीच राहिला. तरीही एक भेद उरतो. तेथे लेखणी धरणाऱ्या हाताला वेळूवर सुरी चालविण्याचा विटाळ वाटला नाही. लेखन आणि कोरणी ही दोन कामे एकाच हाताने केली. भारतात या दोन कामांमध्ये जन्माची भिंत उभी होती. तिची साक्ष पाली साहित्यात स्पष्टपणे नोंदविलेली आहे.

नळकार आणि वेण

पाली आणि संस्कृत या दोन्ही भाषांत वंस किंवा वंश या शब्दाचा एक अर्थ वेळू असा आहे. पेरामागून पेर वाढावे तशी पिढीमागून पिढी, या उपमेतून कुळाला वंश म्हणू लागले. दीपवंस आणि महावंस या ग्रंथनामांत तोच शब्द आहे. ज्या समाजाने कुळाभिमानाचा शब्द वेळूपासून उचलला, त्याच समाजाने वेळू सोलणाऱ्याचे कुळ नीच ठरविले.

संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात तथागत पसेनदी राजाला चार प्रकारच्या व्यक्तींविषयी सांगतात. तेथे अंधारात जन्मलेल्या व्यक्तीची कुळे म्हणून चण्डाल, वेण, नेसाद, रथकार आणि पुक्कुस ही पाच नावे येतात. वेण म्हणजे वेळूवर काम करणारे. या कुळातील माणसाचे वर्णनही तेथे आहे: दरिद्री, अन्नपाण्याला मोताद, देहाने दुर्बल. हे त्या काळच्या समाजस्थितीचे चित्र आहे. तथागतांचा भर आहे तो पुढच्या भागावर. अंधारात जन्मलेला उजेडाकडे जाऊ शकतो आणि उजेडात जन्मलेला अंधाराकडे. आणि हे ठरते ते आचरणाने.

याहून महत्त्वाचा आधार विनयपिटकातील आहे. पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम ओमसवादाचा, म्हणजे अपमानकारक बोलण्याचा. छब्बग्गिय भिक्खू इतर भिक्खूंना त्यांची जात, नाव, गोत्र, कर्म, शिल्प यांवरून हिणवीत. तथागतांनी त्यांचा निषेध करून हा नियम घालून दिला. नियमाच्या विवेचनात हीन मानल्या जाणाऱ्या शिल्पांची यादी आहे: नळकार, कुंभार, विणकर, चर्मकार आणि न्हावी यांची शिल्पे. श्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या शिल्पांत हिशेब आणि लेखन येते. नळकार म्हणजे वेळू-बोरूच्या वस्तू करणारा, आजच्या शब्दांत बुरूड. एकच वाक्य येथे फार बोलके आहे. या पाच शिल्पांखेरीज त्या त्या जनपदात ज्या शिल्पाची अवहेलना होते, तेही हीनच समजावे, असे ग्रंथ म्हणतो. म्हणजे शिल्पाचे हीनत्व त्या शिल्पात नाही. ते लोकांच्या अवहेलनेत आहे, प्रदेशागणिक बदलणारे आहे. विनयकारांनी हीनपणाची ही जी व्याख्या केली, तिच्यात त्याचे सारे ढोंग उघडे पडते. आणि जे अवहेलनेने निर्माण झाले, ते तोंडातून काढणे हाच संघात अपराध ठरला.

या नियमाच्या प्रसंगी तथागतांनी तक्षशिलेच्या नन्दिविसाल बैलाची कथा सांगितली. धन्याने भर पैजेत अपशब्द वापरला तेव्हा बैलाने शंभर गाड्यांपैकी एकही हलविली नाही. आदराने बोलताच साऱ्या ओढल्या. पशूलाही अपमान कळतो, मग माणसाला किती कळत असेल, हा त्या कथेचा आशय.

मज्झिम निकायातील सुभ सुत्तात आणखी एक प्रसंग आहे. सुभ नावाचा ब्राह्मण तरुण ब्रह्माच्या सहवासाचा मार्ग विचारतो. तथागत त्याला उलट विचारतात: जवळच नळकारगाम आहे ना? त्या गावात जन्मलेल्या, वाढलेल्या माणसाला गावची वाट विचारली तर तो अडखळेल काय? तो अडखळणार नाही. तसाच मीही अडखळत नाही. उपमेसाठी तथागतांना राजधानीची वाट घेता आली असती. त्यांनी वेळूकाम करणाऱ्यांचे गाव घेतले आणि स्वतःला त्या गावच्या माणसाच्या जागी ठेवले, तेही एका ब्राह्मणपुत्रासमोर.

जातकांतही नळकाराच्या कलेचा उल्लेख आहे. कुस जातकात कुस राजा पभावतीच्या मागे सागल नगरीत येतो आणि वेष पालटून कुंभार, नळकार, माळी, आचारी यांच्या हाताखाली काम करतो. नळकाराच्या घरी तो एक पंखा घडवितो. त्यावर श्वेतछत्र, पानभूमी आणि उभी असलेली पभावती अशी चित्रे साकारतो. म्हणजे नळकाराच्या दुकानात रूपे घडत होती आणि ती राजवाड्यात जात होती. त्या पंख्यांतील एकही आज उरलेला नाही.

येथे एक अडचणीचा आधारही मांडला पाहिजे. मज्झिम निकायाच्याच बालपण्डित सुत्तात दुराचरणी मनुष्य दीर्घकाळाने पुन्हा मनुष्यजन्माला आलाच, तर याच पाच कुळांत जन्मतो, असे म्हटले आहे. ज्याच्या घरी हा जन्म आला आहे, त्याने हे वाक्य कसे वाचावे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात कर्म आणि पुनर्जन्माचा प्रश्न उघडपणे उपस्थित केला. गरिबीचे आणि हीन जन्माचे खापर पूर्वकर्मावर फोडणारा सिद्धांत तथागतांचा असू शकत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. जे बुद्धिसंगत आहे आणि मानवाच्या हिताचे आहे, तेच बुद्धवचन समजावे, ही त्यांची कसोटी. शिल्पाचे हीनत्व अवहेलनेत आहे असे सांगणारा विनय या कसोटीला उतरतो. जन्मालाच शिक्षा मानणारे वाक्य उतरत नाही. दोन्ही वाक्ये तिपिटकात आहेत हे लपविण्याची गरज नाही. कोणते घ्यावे हे सांगणारी कसोटी आपल्या हाती आहे.

जात हा कल्पित प्राणी

आता प्राणी आणि माणूस हे दोन्ही धागे एकत्र आणता येतील. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण विचारतात की ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. तथागत गवत आणि वृक्ष यांच्यापासून आरंभ करतात. मग कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी. या प्रत्येकात जाती आहेत, कारण प्रत्येकाची शरीरचिन्हे निरनिराळी आहेत. माणसांत मात्र केस, डोळे, हात, पाय, वर्ण यांपैकी कशातही तसे चिन्ह नाही. माणसांतील भेद नावापुरता आहे. जो शिल्पावर जगतो तो शिल्पी, जो शेती करतो तो शेतकरी, एवढेच.

चिनी कारागीर ड्रॅगन कोरतो तेव्हा याच चिन्हांची मिसळ करतो. हरणाची शिंगे, माशाचे खवले, सापाची मान, गरुडाच्या नख्या एकत्र आल्या की निसर्गात नसलेला प्राणी तयार होतो. तो कल्पित आहे हे कोरणाऱ्यालाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही. आपल्याकडच्या शास्त्रकारांनीही एक कल्पित प्राणी घडविला. निसर्गाने जेथे चिन्ह ठेवले नाही, तेथे त्यांनी ते कोरले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वेण हा संकरातून जन्मलेला ठरविला गेला आणि वाद्ये वाजविणे हे काम त्याच्या वाट्याला लावून दिले गेले. दोन कल्पित वर्गांच्या मिसळीतून तिसरा कल्पित वर्ग, हीच ती ड्रॅगनची रीत. फरक एवढाच की या प्राण्याला लोकांनी खरा मानला आणि जिवंत माणसांना त्याच्या कातड्यात कोंबले.

१९२७ च्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. माणसाला माणसाहून वेगळा प्राणी ठरविणाऱ्या कल्पनेशीच दोन्ही ठिकाणी लढा होता.

वऱ्हाडातील वेळू

मेळघाटच्या जंगलात मानवेल जातीचा बांबू वाढतो. त्याची बेटे असतात, भिंत जाड असते आणि बुडाशी तो जवळजवळ भरीव असतो. चीनमधील मुळाच्या कोरणीला लागतो तसला कठीण, पेरेदार बुडखा याही वेळूला आहे. पण वऱ्हाडी बुरडाच्या हाती कोयता आला तो कामट्या काढण्यासाठी. सूप, टोपले, दुरडी, परडी, कोंबड्या झाकण्याची डाल, धान्याची कणगी, बंडीचा तट्टा, पाळणा आणि अखेरीस तिरडी. जन्मापासून मरणापर्यंत ज्याच्या वस्तूवाचून गावाचे चालत नाही, त्याच्या वस्तूवर नाव कोणाचे नसते. वापर संपला की ती उकिरड्यावर जाते. कोरीव मूर्ती जपली जाते, सूप जपले जात नाही. आणि जे जपले जात नाही, त्याच्या कर्त्याचा इतिहास राहत नाही.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतांतील जातींवरील ग्रंथात बसोर आणि बुरूड यांची नोंद वेळूकाम करणारी जात म्हणून आहे. व्यवसाय आहे, चालीरीती आहेत. कारागिरांची नावे नाहीत. 'चू-रन लू'शी याची तुलना केली म्हणजे दोन प्रकारच्या नोंदींतील भेद ध्यानात येतो. एका नोंदीत माणसे आहेत, दुसरीत जात आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतही बुरूड आहे. बाराव्या शतकातील शरण-चळवळीत मेदार केतय्या हा वेळूकाम करणारा साधक सन्मानाने गणला गेला. ते एक नाव तेवढे आपल्याकडे ठळकपणे उरले आहे.

कायद्यानेही या व्यवसायाची अडचण केली. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती, त्यामुळे त्याची तोड आणि वाहतूक परवान्यांत अडकली. २०१७ साली जंगलाबाहेरील बांबूपुरते हे बंधन काढण्यात आले. शास्त्राने बांबू हे गवत आहे हे कायद्याला समजण्यास नव्वद वर्षे लागली. मेळघाटातील धारणी तालुक्यात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्राने वेळूपासून घरे, फर्निचर आणि शोभेच्या वस्तू घडविण्याचे शिक्षण स्थानिकांना दिले आहे. कोरकू आणि बुरूड हातांना संधी मिळताच ते काय करू शकतात, हे तेथे दिसते.

आमचे सांगणे असे की, धम्म हा पूर्वाश्रमीच्या कोण्या एका जातीपुरता नाही, हे आपण तोंडाने म्हणतो. त्याची परीक्षा नळकारगामच्या वाटेवर होणार आहे. ज्या संघाला मिळालेल्या पहिल्या आरामाचे नावच वेळुवन होते, त्याच्या अनुयायांनी वेळूच्या माणसाला परके मानणे शोभत नाही. विहारांतील अभ्यासमंडळांनी आपापल्या गावातील बुरूड कारागिरांची नावे, त्यांच्या वस्तूंची नावे, हत्यारांची आणि विणींची नावे लिहून काढावीत. म्हातारे हात थांबण्यापूर्वी हे झाले पाहिजे. पाचित्तियाचा दुसरा नियम भिक्खूंसाठी आहे हे खरे. पण बोलण्यात, लग्नाच्या बैठकीत, थट्टेत अजूनही कोणाच्या कामावरून त्याला उणे बोलले जाते, तेथे तो नियम उपासकांनीही आपला मानावा. विहाराला लागणारी परडी आणि चटई विकत घेताना करणाऱ्याचे नाव विचारावे आणि ते वहीत लिहावे. वऱ्हाडातील वेळूच्या माणसांची पहिली नोंद अशाच वह्यांतून तयार होईल.